तबकडीवरचे क्षितिज

जेम्स हॅरल्ड डूलिटल हे नाव जगाला माहीत झाले ते टोकियोवरच्या हवाई हल्ल्यामुळे. एप्रिल १९४२ मध्ये विमानवाहू जहाजावरून सोळा बॉम्बफेकी विमाने घेऊन ते जपानवर चालून गेले आणि एका दिवसात अमेरिकेचे नायक झाले. पण त्यांचे सर्वात दूरगामी काम त्याआधी तेरा वर्षे होऊन गेले होते. त्यात ना शत्रू होता, ना तोफा. झाकलेले कॉकपिट, काही तबकड्या आणि पंधरा मिनिटांचे उड्डाण, एवढाच त्याचा पसारा. बाहेरचे काहीही न पाहता विमान वर नेता येते, वळवता येते आणि त्याच मैदानावर परत उतरवता येते, हे त्यांनी दाखवून दिले. रात्री किंवा दाट ढगांतून जाणारे आजचे प्रत्येक प्रवासी विमान त्या पायावर उभे आहे.

त्या उड्डाणातली खरी अवघड गोष्ट वैमानिकाच्या डोक्यात घडत होती. एका माणसाच्या मेंदूला एका वेळी किती माहिती झेपते? शरीरच चुकीची खबर देत असेल, तर ती बाजूला सारायला कसे शिकायचे? आणि शिकणाऱ्याच्या डोक्यावरचा भार कमी कसा करायचा? डूलिटल यांच्या आयुष्यात हे प्रश्न पुन्हा पुन्हा आले. त्यांची उत्तरे शोधताना त्यांना स्वतःच्याच सर्वात मोठ्या कौशल्यावर अविश्वास दाखवावा लागला.

अंगात मुरलेले उड्डाण

डूलिटल यांचा जन्म १४ डिसेंबर १८९६ रोजी कॅलिफोर्नियातील अलमीडा येथे झाला. वडील सुतारकाम करत. सोन्याच्या शोधात ते अलास्काला गेले आणि जिमीचे बालपण नोम नावाच्या गोठलेल्या, बेबंद गावात गेले. अंगाने लहानखुरा असल्याने इतर मुले त्याला डिवचत आणि तो मारामारीने उत्तर देई. पुढे लॉस एंजेलिसला आल्यावर याच खुमखुमीला मुष्टियुद्धाची शिस्त लागली. १९१० मध्ये शहराजवळ भरलेल्या विमानांच्या मेळाव्यात त्याने पहिल्यांदा विमान पाहिले.

बर्कलेच्या विद्यापीठात खाणकामाचे शिक्षण चालू असतानाच अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ऑक्टोबर १९१७ मध्ये डूलिटल लष्कराच्या हवाई शाखेत दाखल झाले आणि त्याच वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी शाळेपासूनची मैत्रीण जोसेफीन डॅनियल्स हिच्याशी त्यांचे लग्न झाले. आघाडीवर जाण्याची संधी त्यांना मिळाली नाही. ते इतका चांगला उडवत, की वरिष्ठांनी त्यांना शिक्षक म्हणूनच ठेवून घेतले.

त्या काळी विमान अंगाने उडवले जाई. कॉकपिट उघडे असे. गालावर येणारा वारा, तारांचा सूर, इंजिनाचा आवाज आणि बैठकीवर जाणवणारा दाब यांवरून वैमानिक वेग, उतार आणि घसरण ओळखे. समोर तबकड्या मोजक्याच असत आणि त्यांच्याकडे पाहत बसणे कच्च्या वैमानिकाचे लक्षण समजले जाई. डूलिटल या पद्धतीतले उस्ताद होते.

या विश्वासाला पहिला तडा सप्टेंबर १९२२ मध्ये गेला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून निघून एका दिवसाच्या आत कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो गाठायचे, असा बेत त्यांनी आखला होता. टेक्सासमध्ये एकदाच थांबून त्यांनी हा प्रवास २१ तास १९ मिनिटांत पुरा केला. अमेरिका खंड चोवीस तासांच्या आत ओलांडणारे ते पहिले वैमानिक ठरले. मात्र वाटेत रात्रीच्या अंधारात वादळ लागले. वीज चमकली की क्षणभर जमीन दिसे आणि पुन्हा काळोख. विमानात वळण दाखवणारे एक नवे उपकरण बसवलेले होते. विमान सरळ आहे की कलते आहे, हे त्या रात्री अंगाने कळत नव्हते. ते त्या काट्याने सांगितले. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या वैमानिकाला ही गोष्ट विसरता आली नाही.

वैमानिक प्रयोगशाळेत जातो

डूलिटल यांच्यात एक दुर्मीळ जोड होती. हवेत ते धाडसी होते आणि जमिनीवर चिकित्सक. १९२३ मध्ये लष्कराने त्यांना मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत पाठवले. झेप, सूर आणि तीव्र वळणे घेताना विमानावर व वैमानिकावर किती जोर येतो, याची मोजमापे त्यांनी स्वतः विमान उडवून घेतली आणि त्यावर पदव्युत्तर प्रबंध लिहिला. १९२५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विमानशास्त्रातल्या अमेरिकेतील अगदी सुरुवातीच्या डॉक्टरेटपैकी ती एक होती.

डॉक्टरेटचा विषय उंचीनुसार बदलणारा वारा आणि त्याचा उड्डाणावर होणारा परिणाम हा होता. वारा कोणत्या बाजूने आहे ते विमानात बसल्या बसल्या जाणवते, असे अनेक मुरलेले वैमानिक छातीठोकपणे सांगत. डूलिटल यांनी प्रयोग केले, तेव्हा ही जाणीव डोळ्यांतून येते असे दिसले. खालची जमीन सरकताना दिसते, त्यावरून मेंदू वाऱ्याचा अंदाज बांधतो आणि वैमानिकाला वाटते की तो अंगाला कळला. जमीन दिसेनाशी झाली की ही जाणीवही जाते.

निष्कर्ष छोटा दिसतो, पण त्याचा अर्थ मोठा होता. वैमानिक ज्याला अंगचे कौशल्य म्हणत होते, त्याचा बराचसा भाग नजरेचा होता. धुके आले की ते कौशल्य संपणार होते आणि संपले आहे हे वैमानिकाला कळणारही नव्हते.

कानातली तीन वर्तुळे

हे का घडते, याचे उत्तर कानात आहे. माणसाच्या आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके वळले की नलिकाही वळते, पण द्रव जडत्वामुळे क्षणभर मागे राहतो. त्याच्या रेट्याने केसांसारख्या सूक्ष्म पेशी वाकतात आणि मेंदूला वळल्याची खबर जाते. जमिनीवर चालणाऱ्या, धावणाऱ्या प्राण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे, कारण जमिनीवरची वळणे थोडक्यात संपतात.

विमानाचे वळण मात्र मिनिटभर चालू शकते. वळण एकाच गतीने चालू राहिले, तर दहा-वीस सेकंदांत द्रवही नलिकेइतक्याच गतीने फिरू लागतो. पेशी पुन्हा सरळ होतात आणि मेंदूला वाटते, वळण थांबले. आता वैमानिकाने विमान खरोखर सरळ केले, तर द्रव पुढे धावतो आणि उलट बाजूला वळत असल्याचा भास होतो. तो भास दुरुस्त करायला गेले की विमान पुन्हा मूळ वळणात शिरते. वळणात उंची घटू लागते. ती सावरायला वैमानिक दांडा मागे ओढतो, तसे वळण अधिकच आवळते आणि विमान भोवऱ्यासारखे खाली येऊ लागते. या घसरणीला वैमानिकांनी स्मशानाचे नाव दिले आहे. वळण अगदी सावकाश सुरू झाले असेल, तर कानाला ते मुळातच कळत नाही.

बाहेर क्षितिज दिसत असताना डोळे कानाची चूक सुधारतात. ढगात शिरताच हा पंच निघून जातो. उरतो तो आत्मविश्वासाने चुकीचे बोलणारा कान.

लष्करातले दुसरे एक वैमानिक विल्यम ऑकर यांना याचा अनुभव १९२६ मध्ये आला, तोही जमिनीवर. सॅन फ्रान्सिस्कोत वैद्यकीय तपासणी चालू असताना डॉ. डेव्हिड मायर्स यांनी त्यांना फिरत्या खुर्चीत बसवले. डोळे मिटलेल्या ऑकर यांना खुर्ची कोणत्या बाजूने फिरते आहे ते ओळखायचे होते. खुर्चीचा वेग कमी झाला, तेव्हा ती उलटी फिरू लागली असे त्यांनी ठामपणे सांगितले. उत्तर चुकले होते. कसलेल्या वैमानिकाला हा अपमान वाटला. पुढच्या वेळी ते एक बंद पेटी घेऊन आले. तिच्यात वळण दाखवणारे उपकरण आणि छोटा दिवा होता. पेटीच्या झरोक्यातून काट्याकडे पाहत त्यांनी दिलेली सारी उत्तरे बरोबर आली. पुढे ऑकर आणि कार्ल क्रेन यांनी या पेटीच्या आधारे यंत्रांवरून उडण्याचे पद्धतशीर शिक्षण सुरू केले.

ऑकर यांच्या खुर्चीने एक गोष्ट निर्विवाद ठरली. शरीराची चूक सरावाने सुधारत नाही. शरीराकडे दुर्लक्ष करण्याचा सराव तेवढा करता येतो, आणि त्यासाठी दुसरे काहीतरी विश्वासाचे समोर असावे लागते.

काट्यांचा हिशेब

ते विश्वासाचे काहीतरी तयार करण्याचे काम डूलिटल यांच्याकडे १९२८ मध्ये आले. विमानवाहतुकीच्या वाढीसाठी स्थापन झालेल्या डॅनियल गुगेनहाइम निधीने धुक्यातल्या उड्डाणाचा प्रश्न हाती घेतला होता. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे खास प्रयोगशाळा उभी राहिली. लष्कराने डूलिटल यांना तिथे पाठवले. शिकाऊ वैमानिकांसाठी बनवलेले, सरळ स्वभावाचे एक दुपंखी विमान प्रयोगासाठी निवडण्यात आले. एका कॉकपिटवर पूर्ण झाकण घालता येईल, अशी त्यात सोय केली गेली.

उपकरणे तोवर अगदीच नव्हती असे नाही. वळणाचा काटा होता, वेगमापक होता, उंचीमापक होता, होकायंत्र होते. अडचण वेगळी होती. यातले एकही उपकरण विमान हवेत कसे आहे ते थेट दाखवत नव्हते. वळणाचा काटा विमान किती झपाट्याने दिशा बदलते आहे ते सांगे, पंख किती कलले आहेत ते सांगत नसे. नाक वर आहे की खाली, हे वेग वाढतो आहे की घटतो आहे त्यावरून ताडावे लागे. होकायंत्र वळणात मागे-पुढे हेलकावे खाई. उंचीमापकात शंभर फुटांचा फरक जेमतेम कळे.

म्हणजे वैमानिकाला तीन-चार काटे वाचून मनातल्या मनात एक चित्र जुळवावे लागे. ते जुळेपर्यंत विमान पुढच्या स्थितीत गेलेले असे. सरळ उडताना हा हिशेब कसाबसा जमे. जमिनीकडे उतरताना वेग, उंची, दिशा आणि कल एकाच वेळी सांभाळायचे असल्याने डोके अपुरे पडे. मेंदूची कामचलाऊ स्मृती फार लहान असते. एका वेळी काही मोजक्या गोष्टीच तिच्यात राहतात आणि नवी आली की जुनी निसटते.

डूलिटल यांनी दुखणे नेमके ओळखले. हिशेब कमी करून चित्र थेट द्यायला हवे होते. भिंगरीसारख्या फिरणाऱ्या गायरोस्कोपच्या आधारे क्षितिज आणि दिशा एकाच तबकडीवर दाखवावी, अशी कल्पना मांडणारे कच्चे रेखाटन घेऊन ते एल्मर स्पेरी यांच्याकडे गेले. स्पेरी हे गायरोस्कोपचे नामांकित संशोधक होते. त्यांचा वैमानिक मुलगा लॉरेन्स १९२३ मध्ये इंग्लिश खाडीवर विमान कोसळून मरण पावला होता. एका उपकरणाऐवजी दोन वेगळी उपकरणे करणे सोपे जाईल, असे स्पेरी यांनी सुचवले आणि दुसरा मुलगा एल्मर याला या कामावर नेमले. त्यातून कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक गायरो ही दोन उपकरणे जन्मली.

कृत्रिम क्षितिजाच्या तबकडीवर एक आडवी रेषा आणि विमानाची छोटी आकृती असे. विमान डावीकडे कलले की रेषा त्याप्रमाणे तिरपी होई, नाक खाली गेले की ती वर सरके. खिडकीतून दिसणारे क्षितिजच जणू तळहाताएवढे होऊन समोर आले होते. चार काट्यांचा हिशेब एका नजरेत आला. पॉल कोल्समन या जर्मनीतून आलेल्या अभियंत्याने घड्याळासारख्या नाजूक दातेरी चाकांचा उंचीमापक बनवला. तो काही फुटांपर्यंत उंची दाखवी.

राहिला प्रश्न वाट सापडण्याचा. त्याआधीच्या रेडिओ पद्धतीत वैमानिकाला कानात वाजणारे संकेत ऐकून मार्ग ओळखावा लागे. मिचेल फील्डवर त्याऐवजी दोन थरथरणाऱ्या पट्ट्या बसवल्या. विमान मार्गावर असले की दोन्ही पट्ट्या सारख्या लांबीच्या दिसत, बाजूला सरकले की एक लांब आणि दुसरी आखूड होई. ऐकून अर्थ लावण्याचे काम गेले, पाहणे तेवढे उरले.

उतरण्याची रीतही डूलिटल यांनी सोपी केली. एरवी जमीन जवळ आली की वैमानिक नाक हळूच उचलतो आणि नेमक्या क्षणी विमान टेकवतो. हा क्षण पाहिल्याशिवाय साधत नाही. म्हणून त्यांनी ताशी साठ मैलांच्या आसपासचा एकच वेग धरून, इंजिन थोडे चालू ठेवून विमान तसेच जमिनीला लागू द्यायचे ठरवले. चाकांचा सांगाडा त्यासाठी मजबूत केला होता. त्यामुळे सर्वात धोक्याच्या घडीला घ्यावा लागणारा एक निर्णयच वगळला गेला.

याच काळात त्यांना एक धडा फुकट मिळाला नाही. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या विमानातून ते एका रात्री बफेलोहून परतत होते. त्या विमानात धुक्यात उतरण्याची साधने नव्हती. न्यूयॉर्कवर धुके दाटले होते. त्यांनी एकामागून एक जागा तपासल्या, कुठेही उतरता येईना आणि इंधन संपत आले. अखेर न्यू जर्सीत एका झाडाला पंख अडकवून त्यांनी विमान आदळवले. विमान मोडले, ते मात्र धडधाकट बाहेर आले. विमानविद्येतला डॉक्टर आणि देशातला नामांकित वैमानिकही साधनांवाचून धुक्यात असहाय होता, हे त्या रात्री सिद्ध झाले.

पंधरा मिनिटे

२४ सप्टेंबर १९२९ च्या पहाटे मिचेल फील्डवर दाट धुके उतरले. गरम हवेचा झोत सोडून धुके हटवण्याचा एक प्रयोग करून पाहण्यात आला, तो फसला. डूलिटल यांनी धुके आहे तोवर विमान बाहेर काढले आणि एकट्याने एक फेरी मारून परत उतरवले. थोड्या वेळाने हॅरी गुगेनहाइम आणि इतर मंडळी आली. तोवर धुके विरळ होऊ लागले होते. अधिकृत उड्डाण झाकणाखाली करायचे ठरले. डूलिटल यांना एकट्याने जायचे होते, पण हवेत दुसरी विमाने असू शकतात म्हणून गुगेनहाइम यांनी पुढच्या उघड्या कॉकपिटमध्ये लेफ्टनंट बेंजामिन केल्सी यांना बसवले. केल्सी यांनी आपले हात खालच्या लोकांना दिसतील असे ठेवले. विमान आपण चालवत नाही, हे सर्वांना कळावे यासाठी ते होते.

झाकण बंद झाले. डूलिटल यांच्यापुढे फक्त तबकड्या उरल्या. विमान धावले, उडाले, सुमारे हजार फुटांवर सरळ झाले, अर्धे वर्तुळ घेऊन उलट दिशेने गेले, पुन्हा वळले, रेडिओच्या मार्गावर आले आणि मैदानावर उतरले. सारे पंधरा मिनिटांत आटोपले. केल्सी यांना दांड्याला हात लावावा लागला नाही. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत ही पहिल्या पानावरची बातमी होती.

स्वतः डूलिटल यांचा अभिप्राय मात्र कठोर होता. एवढा सराव असूनही शेवटचा उतार आणि टेकणे अव्यवस्थित झाले, असे त्यांचे मत पडले. या उड्डाणाची तयारी त्यांनी महिनोन्‌महिने केली होती. झाकणाखाली आणि बाहेरही कितीतरी वेळा तोच मार्ग, तोच वेग, तोच उतार त्यांनी गिरवला होता. तरीही शेवटच्या मिनिटात, जिथे सगळी कामे एकदम अंगावर येतात, तिथे हात डगमगले. मेंदूवरचा भार कुठे सर्वात जास्त असतो, हे यावरून कळते. आजही यंत्रांवर शिकणाऱ्या वैमानिकाची सर्वात जास्त दमछाक याच टप्प्यावर होते.

शिकणाऱ्याचे डोके

एका असामान्य वैमानिकाला जमले म्हणजे सगळ्यांना जमेल, असे नव्हते. याची किंमत १९३४ मध्ये कळली. त्या वर्षी सरकारने खासगी कंपन्यांकडून टपालवाहतूक काढून अचानक लष्करी वैमानिकांवर सोपवली. हिवाळ्याचे दिवस होते. बहुतेकांना यंत्रांवर उडण्याचा सराव नव्हता आणि काही विमानांत पुरेशी उपकरणेही नव्हती. काही आठवड्यांत डझनभर वैमानिक प्राणास मुकले. त्यानंतर लष्कराने एडविन लिंक यांची जमिनीवरची शिकाऊ पेटी विकत घेतली. लिंक यांच्या घराण्याचा वाद्ये बनवण्याचा धंदा होता. बाजाच्या पेटीत वापरतात तसल्या हवेच्या भात्यांवर त्यांनी एक खोटे विमान डुलते ठेवले होते. चुकले तरी कोणी मरत नाही अशा जागी चुका करता येणे, हा शिकणाऱ्याच्या डोक्याला सर्वात मोठा दिलासा होता.

पुढच्या काळात मानसशास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे बारकाईने मोजमाप केले. पॉल फिट्स आणि सहकाऱ्यांनी वैमानिकांच्या डोळ्यांच्या हालचाली चित्रित करून कोण कुठे किती वेळ पाहतो ते टिपले. नवशिक्याची नजर एकेका तबकडीवर रेंगाळते. एखादा काटा हलताना दिसला की तो त्याच्यावरच खिळतो आणि तेवढ्यात दुसरा बिघडतो. जाणत्याची नजर क्षितिजावरून निघून वेगाकडे जाते, परत क्षितिजावर येते, मग उंचीकडे, पुन्हा क्षितिजावर. अशा अभ्यासांचा आधार घेऊन तबकड्यांची जागा ठरत गेली. मधोमध क्षितिज, एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला उंची, खाली दिशा. विमान बदलले तरी नजरेला वाट शोधावी लागू नये, हा त्यामागचा विचार.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. यंत्रांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या वीस जणांना बाहेरचे दिसणे बंद करून विमान उडवायला दिले. वीसही जणांचा ताबा सुटला आणि त्याला सरासरी १७८ सेकंद लागले. सोबत शिक्षक होते म्हणून कोणाला इजा झाली नाही. मग त्यांना एक साधी रीत शिकवण्यात आली. इंजिनाची शक्ती आणि विमानाचा तोल ठरावीक ठेवायचा, हात सोडायचे, फक्त पायांनी सावकाश वळायचे आणि आलेल्या दिशेने परत जायचे. करायच्या गोष्टी कमी झाल्या आणि काही तासांच्या शिकवणीनंतर जवळपास सगळ्यांना सुखरूप मागे फिरता आले. मिचेल फील्डवर डूलिटल यांनी एकच वेग धरून उतरण्याची रीत बसवली, तिच्यामागेही हेच सूत्र होते.

आजच्या शिक्षणाचा क्रम यातूनच आला आहे. आधी विमान सांभाळायचे, मग वाट पाहायची, मग रेडिओवर बोलायचे. तिन्ही एकदम अंगावर आली, तर शेवटचे आधी सोडायचे. निवांत वेळी पुढची तयारी करून ठेवायची, म्हणजे गर्दीच्या वेळी डोके रिकामे राहते. आकडे मनात धरण्याऐवजी कागदावर उतरवायचे. आणि कान काहीही सांगो, दोन-तीन तबकड्या एकमेकींशी जुळत असतील, तर त्यांचेच ऐकायचे.

पुन्हा ढगांत

डूलिटल १९३० मध्ये लष्करातून बाहेर पडून शेल तेल कंपनीत गेले आणि विमानांसाठी शंभर ऑक्टेनचे इंधन तयार करण्यासाठी त्यांनी कंपनीच्या मागे लकडा लावला. १९३२ मध्ये एका भयंकर चंचल विमानातून त्यांनी मोठी शर्यत जिंकली आणि त्यानंतर शर्यती सोडल्या. ते जोखीम घेत, पण तिचा हिशेब मांडून.

दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात परतले. १८ एप्रिल १९४२ रोजी टोकियोवरचा हल्ला आटोपून त्यांची विमाने चीनकडे वळली आणि किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. जपानी टेहळणी बोटीला सुगावा लागल्याने विमाने ठरल्यापेक्षा बरीच लवकर निघाली होती. इंधन अपुरे होते. किनाऱ्यावर पाऊस आणि ढग होते. ज्या रेडिओ संकेतावर धावपट्टी सापडायची होती, तो मिळालाच नाही. तेरा तास उडून थकलेल्या डूलिटल यांच्यापुढे पुन्हा एकदा तबकड्याच उरल्या होत्या. विमान सरळ ठेवणे यंत्रांमुळे जमले, पण उतरायला जागा कुठे आहे हे यंत्रे सांगू शकत नव्हती. त्यांनी सहकाऱ्यांना एकेक करून छत्रीने उड्या मारायला लावल्या आणि शेवटी स्वतः उडी घेतली. एकदा मोडलेले घोटे पुन्हा मोडू नयेत म्हणून त्यांनी गुडघे वाकवले आणि ते भाताच्या खाचरात पडले.

सोळाही विमाने हातची गेली. एक रशियात अडकले, बाकीची कोसळली. काही सहकारी मेले, आठ जण जपान्यांच्या हाती लागले आणि वैमानिकांना आसरा दिल्याबद्दल जपानी सैन्याने हजारो चिनी नागरिकांचा बळी घेतला. डूलिटल यांना वाटले, आपल्यावर खटला भरला जाईल. मिळाले ते देशाचे सर्वोच्च शौर्यपदक. पुढे ते जनरल झाले. २७ सप्टेंबर १९९३ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कामाचा वारसा विमानांपुरता राहिलेला नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीत भूलतज्ज्ञासमोर, अतिदक्षता विभागात परिचारिकेसमोर आज तशाच तबकड्या असतात. त्या किती असाव्यात, कुठे असाव्यात, कोणता आकडा आधी दिसावा, हे ठरवताना मिचेल फील्डवरचाच प्रश्न विचारला जातो: माणसाच्या डोक्याने काय करावे आणि यंत्राने काय करावे? थकलेला, घाबरलेला माणूस चुकला, तर त्याला निष्काळजी ठरवण्याआधी त्याच्या डोक्यावर किती भार टाकला होता, हे पाहण्याची सवय या अभ्यासाने लावली.

यंत्रांवर उडायला शिकणाऱ्याच्या कपाळावर आजही बाहेरचे दिसू नये म्हणून झापड लावली जाते. शेजारी शिक्षक बसतो. पहिल्या काही तासांत विद्यार्थी घामाघूम होतो, कान सांगतात ते ऐकतो, चुकतो आणि पुन्हा क्षितिजाच्या छोट्या रेषेकडे नजर आणतो. शिक्षकाचे हात केल्सींसारखेच मोकळे, मांडीवर असतात. सगळे नीट चालले असेल, तर त्यांना काही करावे लागत नाही.